वेगातला फरक कुठून येतो? क्रोनोग्राफ, छर्रे आणि मेव्हण्याची काडतुसं

अंत्रूजकर

मंडळी, एक प्रश्न घेऊन आलोय. नेमबाजी न करणाऱ्यांनीही वाचा, कारण मला शंका येतेय की भानगड बंदुकीची कमी आणि मोजमापाची जास्त आहे.

मी फोंड्याजवळ राहतो, दहा मीटर एअर रायफल चालवतो. वय अडतीस, म्हणजे ऑलिंपिकचं स्वप्न केव्हाच विझलं, पण राज्य स्पर्धेत पोराटोरांच्या शेजारी उभं राहायची हौस आहे. सरासरी शॉटमागे १०.२ गुणांच्या आसपास (जास्तीत जास्त १०.९). आमच्या पडवीपासून मागच्या न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. भिंतीला लोखंडी पेटी लावलीय, मधला दरवाजा आतून बंद करायचा आणि सराव करायचा.

चतुर्थीला मेव्हणा टेक्सासहून आला होता. तो तिकडे आपल्या .२२३ रायफलची काडतुसं स्वतः भरतो. रिकामी पुंगळी घ्यायची, नवा प्राइमर (ठिणगी पाडणारी टोपी) ठोकायचा, बंदुकीची दारू 'ग्रेन'मध्ये तोलून ओतायची, वर गोळी बसवायची. नेवऱ्या तळून होईपर्यंत त्याचं एकच पुराण चालू होतं: सर्वात जलद आणि सर्वात मंद शॉटमधलं अंतर किती, एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) किती. जाताना आपला जुना क्रोनोग्राफ मला देऊन गेला. दोन कमानी असतात, त्यांतून छर्रा गेला की वेग दाखवतो. तोवर मी सुखी माणूस होतो.

पहिल्या दिवशी, दुपारी, आकाश उघडं असताना (मीटर प्रति सेकंद):
१७१.२, १७२.६, १७०.९, १७३.१, १७१.८, १७२.४, १६९.७, १७२.०, १७१.५, १७२.८
सरासरी १७१.८, अंतर ३.४, एसडी १.०.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस, पडवीतली ट्यूब लावून:
१७२.०, १७६.९, १७१.४, १७०.६, १६६.३, १७२.७, १७१.९, १७५.२, १७०.८, १७२.२
सरासरी १७२.०, अंतर १०.६, एसडी २.८.

डबा तोच, सिलिंडरमध्ये दोन्ही वेळा १४० बारच्या आसपास हवा. एका रात्रीत अंतर तिप्पट? पावसाची दमट हवा? छर्रे? बंदुकीतला हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर? झोप उडालीय.

गुंजभर

म्हापशात आमचं सराफी दुकान आहे, बंदुकीतलं शून्य कळतं. पण छर्रा तोलायचा असेल तर या. काटा मिलिग्रॅम दाखवतो. तुमच्या त्या 'ग्रेन'चं ऐकून गंमत वाटली, कारण जुना तोळा १८० ग्रेनचाच धरलेला आहे आणि तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. अमेरिकेतला माणूस दारू तोलतो आणि आमचे आजोबा मंगळसूत्राचे मणी तोलायचे, माप एकाच घराण्यातलं.

सत्तरीवाला

काटा-बिटा ठीक आहे, पण आमच्याकडे डुकरं भातात शिरतात तेव्हा एसडी कोण बघतो. परवान्याची एकनळी आहे, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. असो. छर्र्यांवर तेलाचा हात फिरवून बघा.

अंत्रूजकर

काका, तेल नको. स्प्रिंगच्या बंदुकीत जास्तीचं तेल दाबाखाली पेटतं आणि वेग कसाही उसळतो. माझी दाबलेल्या हवेवर चालते, तिच्यात उच्च दाबाच्या ठिकाणी भलतं तेल गेलं तर प्रकरण वेगापुरतं राहत नाही.

गुंजभर, शनिवारी येतो. चहा माझ्याकडून.

दाजींचा_मेव्हणा

मीच तो. दाजी, माझी बदनामी करायला धागा काढलात, आता मी बोलणारच.

आधी माझ्या बाजूचं. .२२३ ची पुंगळी लहान असते. त्यामुळे दारू तोलताना ०.१ ग्रेनची चूक झाली तर ती मोठ्या .३०८ काडतुसाच्या मानाने जवळजवळ दुप्पट भोवते, कारण एकूण दारूच कमी. नवशिक्या म्हणूनच सगळा पैसा महागड्या काट्यावर घालतो. मीही घातला. वेगाच्या पसाऱ्यात फरक पडला, पण वाटला होता त्याच्या निम्माही नाही.

खरा फरक पडला पुंगळीच्या गळ्याने. गोळी गळ्यात किती घट्ट बसलीय त्यावर दाब कसा चढतो ते ठरतं. पितळ दर वेळी ताणलं-दाबलं जातं तसं कडक होत जातं. माझ्या डब्यात दोनदा वापरलेल्या, पाचदा वापरलेल्या आणि रेंजवर वेचलेल्या पुंगळ्या एकत्र होत्या. काही गळे मऊ, काही ताठ. एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या, तितक्याच वेळा उडवलेल्या पुंगळ्या वेगळ्या काढल्या, गळे तापवून पितळ पुन्हा मऊ केलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आकडे शहाण्यासारखे वागले. काटा तोच होता.

त्यानंतर प्राइमर. तो खाचेच्या तळाला नीट टेकलेला हवा, अधांतरी राहिला तर त्याच्यावर आदळणाऱ्या पिनेचा काही जोर त्याला ढकलण्यातच जातो. मग पुंगळीतली रिकामी जागा. दारू कमी आणि जागा जास्त असली की नळी वर करून खाली आणली की दारू मागे सरकते, खाली करून वर आणली की पुढे. प्राइमरची ठिणगी कधी तिच्या तोंडावर पडते, कधी पाठीवर. पुंगळी बऱ्यापैकी भरेल अशी दारू निवडली की हा खेळ थांबतो.

आणि हवामान. दारूत ओलावा शिरला की ती मंद जळते, सुकली की जोरात. बरणीचं झाकण उघडं टाकून जेवायला गेलो तर त्याची किंमत मोजावी लागते. टेक्सासच्या उन्हात तापलेल्या नळीत काडतूस घालून बोलत बसलो तर पुढचा शॉट हमखास जलद.

कोणत्या दारूची किती ग्रेन, हे मला इथे विचारू नका, सांगणार नाही. ते छापील मॅन्युअलमधून, खालच्या आकड्यापासून सुरुवात करून. प्राइमर बदलला तरी पुन्हा खालून. शेजाऱ्याच्या बंदुकीचा आकडा आपल्या बंदुकीत घालून लोकांनी बोटं घालवली आहेत.

पारकर_संपादक

धाग्याला हरकत नाही, पण नोंद असू दे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. मेव्हण्यांनी सांगितलेलं टेक्सासातलं आहे, इथे कोणी हौसेने करायला जाऊ नये. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, तरी दुकानदार ओळखपत्र घेतो. चालू द्या.

आकडेमोडीण

मडगावला संख्याशास्त्र शिकवते, बंदूक हातात धरलेली नाही. पण तुमचे आकडे बघून राहवत नाही.

अंत्रूजकर दादा, पहिली गोष्ट. दहा शॉटांतून काढलेली एसडी १.० म्हणजे खरी एसडी ०.७ ते १.८ मध्ये कुठेही असू शकते. इतकी ढगळ चड्डी आहे ती. 'काल १.० होती, आज १.४ झाली, काय बिघडलं?' असं विचारणाऱ्या माणसाला काहीच बिघडलेलं नसण्याची शक्यता जास्त. पाच शॉटांवरून तर बोलूच नये.

दुसरी. सर्वात जलद-सर्वात मंद हे अंतर शॉट वाढवले की आपोआप वाढतं. पाच शॉटांत ते सरासरीने एसडीच्या २.३ पट, दहात ३.१ पट, विसात ३.७ पट. त्यामुळे एकाने पाच शॉटांचं अंतर सांगायचं आणि दुसऱ्याने विसांचं, यात तुलना नाही.

तिसरी, आणि हीच तुमच्या कामाची. दुसऱ्या दिवसाचे आकडे पुन्हा वाचा. १७६.९, १६६.३ आणि १७५.२ वर बोट ठेवा. उरलेले सात १७०.६ ते १७२.७ मध्ये आहेत, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षाही शहाणे! बंदूक किंवा छर्रे बिघडले असते तर सगळीच रांग पसरली असती. इथे सात मुलं ओळीत बसलीत आणि तीन बाकावर उड्या मारताहेत. मला मोजणाऱ्यावर संशय आहे.

फेज_न्यूट्रल

ताईंना +१. क्रोनोग्राफच्या कमानीत काय असतं? प्रकाश ओळखणारा डोळा. छर्र्याची सावली पडली की घड्याळ सुरू, दुसरी पडली की बंद. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. आपल्याला दिसत नाही, त्या डोळ्याला दिसतं. मिणमिणण्याच्या कुठल्या क्षणी सावली पडली त्यावर घड्याळ थोडं आधी किंवा उशिरा चालू होणार. म्हणून काही आकडे वर, काही खाली. स्वस्त एलईडीचीही तीच रड. ट्यूब बंद करून बॅटरीवरचा दिवा लावा.

पाणबुड्या

दिव्याचं बरोबर असेल, पण हवेचं विसरू नका. मी पर्यटकांना समुद्रात उतरवतो, दाबाच्या हवेशी रोजचा संबंध. अंत्रूजकर, सिलिंडर कशाने भरता? पावसाळ्यात हातपंपाने भरत असाल तर आमची गोव्याची हवा म्हणजे निम्मं पाणीच. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी बसते, तिथून झडपेत आणि रेग्युलेटरच्या सीलमध्ये. डायव्हिंगच्या कॉम्प्रेसरला पाणी आणि तेल गाळणारे फिल्टर असतात, तिथे भरून घ्या. ऑक्सिजन कधीच नाही, गंमत म्हणूनही नाही. आणि सिलिंडरवरची तारीख बघा, दहा वर्षं झाली की स्पर्धेत तपासणीवालेच बाहेर काढतात.

आणखी एक प्रयोग. रेग्युलेटरचं काम २०० बारच्या सिलिंडरमधून कायम एकाच, पुष्कळ कमी दाबाची हवा पुढे देणं. सील थकलं की बंदूक नुसती ठेवलेली असताना दाब हळूहळू वर सरकतो. दहा मिनिटं थांबा, एक शॉट मारा, आकडा लिहा. मग लगेच दुसरा मारा. असं पाच वेळा. पहिला शॉट दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर चोर सापडला.

सत्तरीवाला

एवढं करून डुक्कर पळून जाईल हो.

कोल्हापूरची_माती

पन्नास मीटरवाल्यांच्या वतीने थोडं. आमचं .२२ काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण प्राइमरचा मसाला पुंगळीच्या काठातच असतो आणि पिनेने काठ चेपला की ती पुंगळी संपली. त्यामुळे मेव्हणे जे गॅरेजमध्ये करतात ते आम्ही खरेदीत करतो. एकाच नावाचे, एकाच किमतीचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून बघायचे आणि जो लॉट नळीला मानवतो तो पेट्या भरून घ्यायचा. एली कंपनीच्या वरच्या दर्जाच्या डब्यांवर तर लॉट नंबरासोबत वेगही छापलेला असतो. पण डब्यावर सारखाच वेग छापलेले दोन लॉट माझ्या नळीत जमीन-अस्मान वेगळे निघालेत.

वेग आम्हाला जास्त सतावतो. गोळी ३२५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास निघते, पन्नास मीटरपर्यंत साधारण साडेबारा सेंटिमीटर पडते. वेग एक टक्का हलला की अडीच मिलिमीटर वर-खाली. पन्नास मीटरच्या कागदावर दशांशाचं एक घर ०.८ मिलिमीटरचं, म्हणजे तीन घरं गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आमच्या स्वप्निल कुसाळेचं कांस्य ४५१.४ वर आलं. तिथे एकेका दशांशाला काय मोल असतं ते तुम्हीच बघा.

गोव्याच्या उन्हाचा एक फायदा. तीस अंशाला आवाजाचा वेग ३४९ च्या पुढे जातो, त्यामुळे जरा तेज निघालेली गोळीही आवाजाच्या खालीच राहते, ती हद्द ओलांडताना बसणारा हेलकावा टळतो.

आकडेमोडीण

कोल्हापूरकरांनी दिला तसा हिशेब दहा मीटरचा करून बघितला. छर्र्याला पोचायला साधारण ०.०६ सेकंद लागतात, तेवढ्यात तो १८ मिलिमीटर पडतो. पडणं वेळेच्या वर्गाबरोबर वाढतं, म्हणून वेग एक टक्का कमी झाला की पडण्यात दोन टक्के, म्हणजे ०.३६ मिलिमीटरचा फरक. तुमच्या कागदावर एक दशांश ०.२५ मिलिमीटरचा, बरोबर?

आता तुमची एसडी १.० धरली तर वेगामुळे उभा पसारा ०.२ मिलिमीटर. तुम्ही म्हणता सरासरी १०.२, त्यावरून तुमच्या हाताचा पसारा दोन्ही दिशांना १.५ मिलिमीटरच्या आसपास येतो. हे दोन साधे बेरजेत मिळवायचे नसतात, वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. १.५ चा वर्ग २.२५, ०.२ चा ०.०४. वर्गमूळ १.५१.

दादा, तुम्ही रेग्युलेटर, छर्रे, हवा सगळं देवासारखं परिपूर्ण केलंत तरी १.५१ चं १.५० होईल.

अंत्रूजकर

ताई, हे वाचून बायको हसून हसून दमली. फोनवर भावाला वाचून दाखवलं.

दाजींचा_मेव्हणा

दाखवलं, दाखवलं. पण ताई, माझ्यासाठी मात्र हिशेब उलटा फिरतो. शंभर यार्डांवर माझा दहा मीटर प्रति सेकंदाचा फरक दीड-दोन मिलिमीटरच हलवतो, ग्रुपमध्ये, म्हणजे कागदावरच्या भोकांच्या झुबक्यात, दिसतही नाही. सहाशे यार्डांवर तोच सात-आठ सेंटिमीटर उभा ताणतो. म्हणून तिकडे लोक वेगापायी वेडे होतात. तो वेडेपणा मी दाजींच्या पडवीत घेऊन गेलो ही चूक.

अंत्रूजकर

चार दिवसांनी परत. सगळं केलं, अहवाल देतो.

दिवा: ट्यूब बंद, बॅटरीवरचा कंदील कमानींच्या वर टांगला. वीस शॉट, सगळे १६९.९ ते १७३.४ मध्ये. ट्यूब लावली, तिसऱ्याच शॉटला १७७ दिसला. फेज_न्यूट्रल, तुम्हाला एक शहाळं लागू. खात्रीसाठी ट्यूबखालीच रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून कागदावर दहा शॉट मारले. वेग खरंच १०.६ ने हलत असता तर भोक दोन मिलिमीटर उभं लांबायला हवं होतं. गोल आहे.

काटा: गुंजभरांकडे पन्नास छर्रे तोलले. ०.५३ ग्रॅमचा डबा, सगळे ०.५२५ ते ०.५३५ मध्ये. पाच मिलिग्रॅमने वेग जेमतेम ०.८ ने हलतो, कागदावर ०.१७ मिलिमीटर. पण तिथे एक गंमत झाली. दुकानातल्या पोऱ्याने चिमट्याने उचलताना दोन बाजूला काढले, "हे चेपलेत" म्हणाला. बघितलं तर मागची कड खरंच वाकडी. वजन अगदी बरोबर! भिंगाशिवाय मला दिसलं नसतं. हे दोन पिशवीवरून मारले, दोन्ही ग्रुपच्या बाहेर, आणि बाहेर गेले ते आडवे. वेग मात्र दोघांचाही सरळ १७१ च्या घरात. म्हणजे क्रोनोग्राफला ते निर्दोषच वाटले.

थांबून शॉट: पाणबुड्यांचा प्रयोग पाच वेळा. पहिला शॉट पाचही वेळा वर: १७४.१, १७३.८, १७४.६, १७३.९, १७४.३. त्यामागोमागचा दर वेळी १७२ च्या अलीकडे-पलीकडे. रेग्युलेटर सरकतोय, यात शंका नाही. सिलिंडर उलटा करून हवा सोडली तर आतून कपाळावर घाम यावा तसं पाणी आलं. हातपंप माळ्यावर टाकला.

पाणबुड्या

सांगितलं होतं. सील बदलून घ्या, स्वतः उघडू नका, आत दाब असतो.

आकडेमोडीण

सव्वादोन मीटर जास्त, म्हणजे १.३ टक्के, म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन दशांश. तोही फक्त लांब विश्रांतीनंतरच्या शॉटला. साठ शॉटांत असे किती येतात?

अंत्रूजकर

तीन-चार. आणि स्पर्धा सुरू झाल्यावर नुसती हवा सोडून दाब उतरवायला गेलं तर पंच तंबी देतात, त्यामुळे ती पळवाट नाही.

सील बदलायला रायफल पुण्याला धाडलीय, पंधरा दिवस लागतील म्हणे. तोवर रिकाम्या हाताने पडवीत उभा राहतो, दहा मीटरवरचा ठिपका बघत. आज वीस मिनिटं उभा होतो, तर शेजारच्या वहिनींनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

दाजींचा_मेव्हणा

दाजी, नाताळात येतोय. क्रोनोग्राफ परत द्या.

अंत्रूजकर

ने बाबा. कंदील माझा आहे, तो ठेव.